हाऊसफुल रात्रीचा तोटा : एका पहिल्या नाटकाचा जमाखर्च

हे प्रकरण आमच्याच संघाचं आहे. पुणे, साल २०२३. कॉलेजात असताना तीन वर्षं पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका केल्या आणि डिग्री हातात पडल्यावर आम्ही सहा जणांनी स्वतःच्या पैशांनी पहिलं मोठं नाटक उभं केलं. एक लेखक-दिग्दर्शक, चार नट आणि मी. मी सूत्रधार, म्हणजे तारखा, माणसं, सामान आणि पैसा सांभाळणारा. हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होती, म्हणून हे लिहिणंही माझ्याकडेच आलं. संघाचं, नाटकाचं आणि माणसांची नावं देत नाही. आकडे मात्र वहीतले आहेत, जसेच्या तसे. नव्या संघांशी बोलताना माझ्या लक्षात येतं की नाटकाविषयी सगळे भरभरून बोलतात, पण पावत्या कोणी दाखवत नाही. आम्हालाही कोणी दाखवल्या नव्हत्या.

कॉलेजचा पैसा संपतो तिथून

पुरुषोत्तम करंडक ही स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून घेते. तिथे भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो, नेपथ्याच्या थाटाला फारशी किंमत नसते. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या शिस्तीत घडल्या आणि त्याचं ऋण मोठं आहे. पण पैशाच्या बाजूने पाहिलं तर स्पर्धेत वाढलेला संघ फार सुरक्षित वाढतो. तालमीला कॉलेजचा हॉल असतो, रंगमंच आणि दिवे आयोजकांचे असतात, प्रवेशशुल्क कॉलेज भरतं, प्रेक्षकांत निम्मं कॉलेज आरडाओरडा करायला हजर असतं. तीन वर्षं नाटक करूनही नाट्यगृहाच्या भाड्याची पावती आमच्यापैकी एकानेही हातात घेतलेली नव्हती.

नाटक दीड तासाचं, मध्यंतराशिवाय, पाच पात्रांचं. वाईकडच्या एका जुन्या घराची वाटणी होते, त्या एका रात्रीची गोष्ट. चार नट संघातले आणि मधल्या बहिणीच्या भूमिकेसाठी बाहेरून एक मुलगी घेतली. ती चिंचवडला राहायची. पुढे या हिशेबात ती महत्त्वाची ठरते, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

अंदाज काढला तो ८०,००० रुपयांचा. सहा जणांनी प्रत्येकी १५,००० घातले, म्हणजे ९०,०००. एका मित्राच्या मामांनी २०,००० दिले. हातात १,१०,००० आल्यावर आम्हाला वाटलं की ३०,००० रुपये शिल्लक घेऊनच आपण सुरुवात करतोय. प्रत्यक्ष निर्मितीचा खर्च असा झाला : तालमीची जागा १९,५००, नेपथ्य ३८,०००, वेशभूषा ९,०००, प्रकाशयोजनेचं मानधन १०,०००, संगीत आणि ध्वनिमुद्रण १२,०००, प्रॉपर्टी (प्रयोगात हाताळायच्या वस्तू) ४,५००, पोस्टर आणि फोटो ८,०००, चहा-नाश्ता ११,२००, संहितेच्या प्रती आणि कागदपत्रं ३,८००. बेरीज १,१६,०००.

अंदाजापेक्षा ३६,००० जास्त. त्यातला तालमीच्या जागेचा सगळाच्या सगळा आकडा अंदाजात नव्हता. पहिले चौदा दिवस आम्ही एका मित्राच्या गच्चीवर तालमी केल्या. भांडणाचा प्रसंग आला आणि सोसायटीचे सचिव वर आले. त्यांची चूक नव्हती, रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावर एक बाळ झोपत होतं. मग एका नृत्यवर्गाचा हॉल मिळाला, तासाला २५० रुपये, रोज तीन तास, सव्वीस दिवस. पुण्यात नाटकाच्या जागेविषयी बोलताना सगळे नाट्यगृहांविषयी बोलतात. पण नवा संघ आधी तालमीच्या जागेपाशीच दमतो. प्रयोग दीड तासाचा असतो, तालीम सव्वाशे तासांची.

चहाच्या हिशेबात ६,००० चुकले. पोस्टरचे २,५०० गेले ते आमच्या अज्ञानाने. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता आधी पाठवावी लागते, ती वाचली जाते, मग प्रमाणपत्र येतं. आम्ही शेवटचा प्रवेश बदलत बसलो, संहिता उशिरा पाठवली आणि तारीख तीन आठवडे पुढे न्यावी लागली. तोवर पोस्टर छापून आली होती.

उरलेले ८,००० झोपाळ्यात गेले.

नाटकातल्या आजोबांचा झोपाळा, त्यांच्या मागे त्या माजघरात तेवढाच उरलेला. छोट्या नाट्यगृहात छताला काही टांगू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून सुताराने स्वतःच्या पायांवर उभी राहणारी चौकट केली. सागवान परवडणारं नव्हतं, पण पाच जणांचा भार पेलायचा म्हणून लाकूड जाडच घेतलं. तीन तुकडे, सोळा नट-बोल्ट, पितळी कड्या. उभा करायला चाळीस मिनिटं, उतरवायला पंचवीस. तो बसला की रंगमंच घर व्हायचा, हे खरं. पण तो टेम्पोशिवाय हलायचा नाही आणि हमालाशिवाय चढायचा नाही, हेही तितकंच खरं. दर प्रयोगाला त्याचं वेगळं बिल फाटायचं आणि ते आम्ही नेपथ्यात धरलंच नव्हतं.

पहिल्या रात्रीची बेरीज

पुण्यात प्रायोगिक नाटकाला आज जागा आहेत. शनिवार पेठेतला महाराष्ट्र कल्चरल सेंटरचा सुदर्शन रंगमंच आहे, ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे, एरंडवण्यात ‘द बॉक्स’ आहे. बालगंधर्वसारखं मोठं नाट्यगृह आमच्या मापाचं नव्हतं. तिथे शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक निर्मात्यांकडे असतात आणि जवळजवळ हजार खुर्च्या भरायला आमच्याकडे ना नाव होतं ना चेहरा. आम्ही १२० खुर्च्यांचं एक छोटं सभागृह घेतलं, शनिवारची संध्याकाळ. तिकीट २०० रुपये. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

पहिल्या प्रयोगाचा खर्च : भाडं ९,०००, बाहेरून आणलेले दिवे आणि ते चालवणारा माणूस ५,५००, टेम्पो आणि हमाली ३,२००, बॅकस्टेजच्या दोघांना २,०००, रंगभूषा १,५००, अकरा जणांचं खाणं-पिणं १,८००, ऑनलाइन तिकीटविक्रीचं कमिशन १,०००, जाहिरात २,०००. एकूण २६,०००.

बारा खुर्च्या निमंत्रितांना दिल्या होत्या, बाकीची १०८ तिकिटं गेली. दारावर ‘हाऊसफुल’चा कागद लागला. पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात, दिग्दर्शकाची आई रंगपटात येऊन प्रत्येकाच्या गालावरून हात फिरवत होती. मी कपड्यांच्या ट्रंकेवर बसून जमा लिहिली : २१,६००. खाली खर्च लिहिला. वजाबाकी केली. ४,४०० रुपये तोटा.

मला वाटलं बेरीज चुकली. पुन्हा केली. मग बाजूला २६,००० भागिले २०० केलं आणि उत्तर आलं १३०. खर्च भरून निघायला १३० तिकिटं विकली जायला हवी होती आणि सभागृहात खुर्च्याच १२० होत्या. म्हणजे आमचं नाटक कधीही, कुठल्याही रात्री, कितीही चांगलं झालं तरी त्या सभागृहात तोट्यातच जाणार होतं. हे गणित पहिल्या तालमीच्या आधी दोन मिनिटांत करता आलं असतं. आम्ही ते केलं नाही, कारण आमच्या डोक्यात खर्च म्हणजे नाटक ‘उभं’ करायचा खर्च. उभं राहिलेलं नाटक दर महिन्याला पुन्हा उभं करावं लागतं आणि त्याचा पैसा वेगळा असतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. नवा संघ निर्मितीखर्चासाठी वर्गणी काढतो, ओळखीपाळखीत शब्द टाकतो, घरच्यांना पटवतो. प्रयोगखर्चासाठी काहीच ठेवत नाही, कारण तो तिकिटांतून निघेल असं तो धरून चालतो. तो निघत नाही. चांगली नाटकं तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला बंद पडतात, आणि तोवर नट नुकते कुठे भूमिकेत मुरायला लागलेले असतात.

आणखी एक गोष्ट त्या रात्री कळली. दिवेवाल्या काकांना पैसे तिथेच रोख हवे होते आणि टेम्पोवालाही उभा होता. तिकिटांचे पैसे मात्र ऑनलाइन विक्रीतून आठ दिवसांनी खात्यात आले. टेम्पोचे पैसे दिग्दर्शकाच्या आईने पर्समधून काढून दिले.

ओळखीचे दीडशे लोक

दुसरा प्रयोग जुलैत झाला. ६१ तिकिटं गेली, जमा १२,२००, खर्च २५,५००, तोटा १३,३००. त्या संध्याकाळी धो-धो पाऊस होता आणि आम्ही सगळा दोष पावसाला दिला. तिसरा प्रयोग ऑगस्टमध्ये, कोरड्या दिवशी. ३४ तिकिटं. जमा ६,८००, खर्च २५,३००, तोटा १८,५००.

त्या ३४ नावांची यादी घेऊन मी रात्री बसलो. पहिल्या प्रयोगाच्या १०८ जणांत आमच्या फोनमध्ये नंबर नसलेली माणसं जेमतेम दहा होती. उरलेले नातेवाईक, कॉलेजचे मित्र, ऑफिसातले सहकारी. दुसऱ्या प्रयोगाला उरलेसुरले ओळखीचे आले. सहा जणांच्या ओळखीतून नाटकाला येऊ शकतील अशी माणसं दीडशेच्या आसपास होती आणि ती दोन प्रयोगांत संपली. तिसऱ्या प्रयोगाला पहिल्यांदा आमच्यासमोर खरा प्रेक्षक बसला होता, आणि तो ३४ जणांचा होता. शिवाय ऑगस्टची तारीख घेणं हीच चूक होती. पुण्यातली नाटकवेडी कॉलेजची मुलं तेव्हा पुरुषोत्तमच्या तालमीत असतात, संध्याकाळी सातला ती कुणाच्या नाटकाला येणार? आम्ही स्वतः तीन वर्षं तेच केलं होतं.

मराठी नाटकाने ही अडचण फार आधी सोसली आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक केलं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन सांगलीबाहेर पडावं लागलं. १८५३ साली मुंबईत तिकीट लावून त्यांनी प्रयोग केले. आजच्या नव्या संघाचा राजाश्रय म्हणजे आई-बाप, मामा आणि मित्र. तो पहिल्या दोन प्रयोगांपुरताच असतो. त्यानंतर अनोळखी माणसापर्यंत जावंच लागतं.

या टप्प्यावर कुणीतरी क्राउडफंडिंग सुचवलं. आम्ही ते केलं नाही आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. आम्ही लिंक पाठवली असती ती याच दीडशे लोकांना. ज्यांच्याकडून आधी वर्गणी घेतली, मग तिकिटाचे पैसे घेतले, त्यांच्याचपुढे तिसऱ्यांदा हात पसरायचा. ज्या संघाची ओळख शहराबाहेर, परदेशात पसरलेली आहे त्याने जरूर करावं. आमची नव्हती.

अनुदानाचीही चौकशी केली. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाकडून संस्थांना निर्मितीसाठी मदत मिळते, पण संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि नोंदणीकृत लागते. आमची नोंदणीच झालेली नव्हती. राज्य सरकारची नाट्यनिर्मिती अनुदान योजना आहे, पण तिथे आधी प्रयोग करून दाखवावे लागतात, पैसे मागाहून येतात. १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा हौशी संघांना सादरीकरणासाठी काही रक्कम देते, तिचा त्या वर्षीचा अर्ज आम्ही चुकवला होता. या योजनांविषयी माझी तक्रार नाही. सार्वजनिक पैसा देताना संस्था टिकते का हे पाहणारच. पण याचा अर्थ असा की पहिलं नाटक कुठल्याच योजनेत बसत नाही. नवा संघ नवा असतो तोवर त्याला मदत नाही, आणि मदत मिळायला लागते तेव्हा तो नवा राहिलेला नसतो. तो पूल स्वतःच बांधावा लागतो. म्हणून संस्था नोंदणी पहिल्याच वर्षी करून टाकावी, लगेच उपयोग नसला तरी. तीन वर्षांची मोजणी तिथून सुरू होते.

तीन प्रयोगांनंतरची वही : निर्मिती १,१६,०००, प्रयोगांतला तोटा ३६,२००, मिळून १,५२,२००. हातात आलेले १,१०,०००. कमी पडले ४२,२००. त्यातले ११,००० दिवेवाल्या काकांचे देणं राहिले होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयोगाचे. ते एकदाही तगादा लावायला आले नाहीत, म्हणून मला जास्त लाज वाटायची. उरलेले ३१,२०० दिग्दर्शकाच्या आईने तिची मुदत ठेव मोडून दिले होते. काकूंनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. मला बँकेच्या नोंदीवरून कळलं.

वहीत नसलेला खर्च

ऑगस्टच्या प्रयोगानंतर चिंचवडच्या मुलीने फोन करून सांगितलं, “दादा, मी पुढचे प्रयोग नाही करू शकणार.” आम्हाला वाटलं तिला मालिकेत काम मिळालं. दिग्दर्शक दुखावला, दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेलो.

कारण साधं होतं. तालीम रात्री दहाला सुटायची. त्या वेळी एकटीने बस बदलत जायला घरचे तयार नव्हते, म्हणून ती रिक्षाने जायची. एका वेळचे २५० रुपये. हॉलवरच्या सव्वीस तालमींचे ६,५०० तिने स्वतःच्या खिशातून घातले होते. गच्चीवरच्या तालमी धरल्याच नाहीत. तिला पगार १४,००० होता. ती संघाची सभासद नव्हती, तिच्याकडून आम्ही वर्गणी घेतली नव्हती आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. प्रत्यक्षात तिने वर्गणी भरली होती, ती माझ्या वहीत लिहिलेली नव्हती इतकंच.

मी घरी येऊन वहीचं नवं पान काढलं आणि जे कधी लिहिलं नव्हतं ते लिहायला बसलो. पाच नट, चाळीस तालमी, रोज तीन तास, म्हणजे सहाशे तास. तीन प्रयोगांची पाच जणांची नाईट, म्हणजे दर प्रयोगामागे नटाला मिळणारे पैसे, शून्य. लेखकाचं मानधन शून्य, कारण लेखक आपलाच. एका नटाने दुसऱ्या प्रयोगासाठी बिनपगारी रजा घेतली होती. झोपाळा एकाच्या पार्किंगमध्ये उभा होता आणि तिथल्या सोसायटीकडून दोन पत्रं आली होती. या सगळ्याला किंमत होती. ती कोणीतरी देत होतं आणि ज्याला देणं सगळ्यात जड होतं ते माणूस आधी गळलं.

हौशी आणि प्रायोगिक नाटकात नाईट मागायची नाही अशी रीत आहे. तिच्यामागे प्रेम आहे, हे मी नाकारत नाही, मीही त्याच प्रेमाने वही सांभाळतो. पण या रीतीमुळे नाटक कोण करू शकतं हे ठरून जातं. ज्याचं घर पेठांत किंवा कोथरूडला आहे, ज्याच्या घरी पगार द्यावा लागत नाही, तो टिकतो. चिंचवडची, हडपसरची, भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं एकेक करून बाजूला होतात आणि आपण म्हणतो, त्यांची नाटकावरची निष्ठा कमी पडली. हे वाक्य आमच्याही तोंडी आलं होतं. तिच्याविषयी.

झोपाळा उतरवला तेव्हा

तिसऱ्या प्रयोगाच्या ३४ जणांत एक निवृत्त ग्रंथपाल होते, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे, पुण्याला मुलीकडे आलेले. प्रयोगानंतर ते आत आले. “आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एक दिवस तुम्हाला देतो,” म्हणाले. “पण हे लाकूड आमच्या स्टेजवर मावायचं नाही हो.”

दिग्दर्शकाला ते पटायला चार महिने लागले. झोपाळा काढला तर नाटक राहतं काय, हा त्याचा प्रश्न खरा होता. डिसेंबरच्या एका संध्याकाळी आम्ही पुन्हा गच्चीवर जमलो, चिंचवडची मुलगीही आली होती. थोरल्या भावाचं काम करणारा नट एका बुटक्या बाकावर बसला आणि पायाच्या अंगठ्याने जमीन रेटत कमरेतून मागे-पुढे व्हायला लागला. तिने पितळी कडी हातात घेऊन त्याच्या लयीत हलवली. कर्र, कर्र. मग वाटणीचा कागद वाचला जातो त्या जागी तिने कडी मुठीत घट्ट धरली आणि आवाज थांबला. खाली रस्त्यावर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली तेवढीच. दिग्दर्शक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “परत एकदा करा.”

पैसे वाचवायला केलेला बदल नाटकाच्या फायद्याचा होईलच असं नाही. आमच्या बाबतीत झाला. टेम्पो गेला, हमाली गेली, एक बॅकस्टेजचा माणूस कमी झाला, सगळं सामान एका गाडीच्या टपावर मावायला लागलं. बाहेरचे दिवे बंद केले. प्रकाशयोजनाकाराने सभागृहातल्याच दिव्यांवर नाटक नव्याने बांधलं आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, ते देणंही मी आता वहीत लिहून ठेवलं आहे.

नवा प्रयोगखर्च असा बसला. शनिवारऐवजी बुधवारची संध्याकाळ, भाडं ६,५००. दिवे चालवणारा १,५००. गाडी ९००. बॅकस्टेज १,०००. रंगभूषेचं सामान ३००. खाणं-पिणं आणि रात्रीच्या परतीची रिक्षा १,५००. कमिशन ९००. जाहिरात ८००. आणि पाच नटांना प्रत्येकी ५०० रुपये नाईट, २,५००. एकूण १५,९००.

नाईटवरून वाद झाला. कर्ज अंगावर असताना नटांना पैसे वाटायचे? मी हट्ट धरला. पाचशे रुपयांनी कोणाचं घर चालत नाही. पण तो आकडा वहीत असला की तिकीट किती लावायचं आणि मानधन किती मागायचं हे खरं ठरतं. नसला की आपण स्वतःलाच फसवतो. चिंचवडची मुलगी परतली ती नाईटमुळे नाही, रिक्षामुळे. तिनेच तसं सांगितलं.

तिकीट ३०० केलं, विद्यार्थ्यांना १५०. ज्या नाटकाला २०० रुपयांत ३४ जण आले त्याचं तिकीट वाढवायचं हे धाडसाचं वाटलं होतं. पण अनोळखी प्रेक्षकांपैकी एकानेही कधी किमतीविषयी कुरकुर केली नव्हती. ती फक्त ओळखीच्यांनी केली होती. १५,९०० भागिले ३००, बरोबर ५३. खुर्च्या १२०. आता पहिल्यांदा हे नाटक फायद्यात जाणं शक्य तरी होतं.

जानेवारीपासून पुढे सहा प्रयोग झाले. दोन त्याच सभागृहात. पहिल्याला ३८ पूर्ण तिकिटं आणि २० विद्यार्थी, जमा १४,४००, तोटा १,५००. दुसऱ्याला ६२ पूर्ण तिकिटं, जमा १८,६००, शिल्लक २,७००. बाकीचे चार ठरीव मानधनावर, सगळे बोलावणं आल्याने. ग्रंथपालांच्या गावी १८,००० मिळाले, खर्च १२,४०० झाला. सतरंज्यांवर आणि खुर्च्यांवर मिळून दीडशे माणसं होती, पुढच्या रांगेत शाळेची मुलं आणि एक आजी, ज्या वाटणीच्या प्रवेशात मोठ्याने म्हणाल्या, “अगं, सही नको करू.” तिथून दुसऱ्या एका वाचनालयाचं आमंत्रण आलं, मग एका कॉलेजचं, मग एका गृहनिर्माण संस्थेच्या वर्धापनदिनाचं. १५,०००, १५,००० आणि २०,०००. चारही प्रयोगांचं मिळून मानधन ६८,०००, खर्च ५१,५००, शिल्लक १६,५००.

महाराष्ट्रात जुनी वाचनालयं आहेत, व्याख्यानमाला आहेत, गणेशोत्सव आहे. त्यांना दर वर्षी कार्यक्रम हवे असतात आणि त्यांच्याकडे स्वतःचा प्रेक्षक तयार असतो. मोठ्या नाटकाचा खर्च त्यांना झेपत नाही. एका गाडीतून येणारं पाच पात्रांचं नाटक झेपतं. आम्ही वर्षभर पुण्यातल्या दीडशे ओळखींत प्रेक्षक शोधत बसलो होतो.

जागेचं महत्त्व यामुळे कमी होत नाही. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रयोग सुरू केले आणि इतर संघांनाही ती जागा मिळत गेली. त्या साध्या शाळेच्या हॉलने एक सबंध चळवळ पोसली, याला तिथल्या लोकांची प्रतिभा कारण आहेच. पण माझ्यासारख्या वही सांभाळणाऱ्याला दुसरंही दिसतं. परवडणारी जागा सतत मिळत होती, म्हणून नाटक चुकवायची, सुधारायची आणि पुन्हा करायची सोय होती. आमच्या नाटकाला ती सोय गावोगावच्या वाचनालयांनी दिली.

सहा प्रयोगांचा एकूण हिशेब १७,७०० शिल्लक. त्यातले ११,००० आधी दिवेवाल्या काकांना दिले. उरलेले ६,७०० काकूंना. त्यांचे २४,५०० अजून देणं आहेत. सभासदांचे ९०,००० आणि मामांचे २०,००० परत मिळणार नाहीत, ते निर्मितीत गेले असं धरलं आहे आणि तसं सगळ्यांना स्पष्ट सांगितलं आहे.

गेल्या महिन्यात दिग्दर्शकाने नवं नाटक वाचून दाखवलं. सात पात्रं आहेत. वाचन संपल्यावर काही वेळ कोणी बोललं नाही, इतकं ते आत गेलं होतं. मग चिंचवडच्या मुलीने, ती आता संघाची सभासद आहे, मला विचारलं, “पहिल्या तीन प्रयोगांचे किती होतात?” मी वही उघडली. नाईट दोन माणसांची वाढेल, गाडी एकीच्या दोन होतील. जुन्या दराने ४७,७००, नव्या नाटकाला साडेत्रेपन्न हजारांच्या आसपास. ही रक्कम खात्यात वेगळी जमल्याशिवाय आणि काकूंचे पैसे फिटल्याशिवाय तालमी सुरू करायच्या नाहीत, असं सातही जणांनी ठरवलं आहे. पहिल्या नाटकाच्या पुढच्या दोन तारखा लागल्या आहेत, दोन्ही वाचनालयांच्या.